ताशी 78

मे महिन्याची दुपार होती. जालन्यात मे महिन्याच्या दुपारी माणूस दोनच गोष्टी करतो. कूलरमध्ये पाणी ओततो आणि कूलरसमोर आडवा होतो. मी दुसरी गोष्ट करत असताना मोबाइल वाजला. माझ्या गाडीने वेगमर्यादा ओलांडली होती. मर्यादा ताशी 60 किलोमीटर, गाडीचा वेग ताशी 78, दंड 1000 रुपये. खाली गाडीचा नंबर होता. एमएच 21 पासून शेवटच्या आकड्यापर्यंत माझाच.

मेसेज मी तीनदा वाचला. चौथ्यांदा उठून बसलो, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला.

"कोण गेलं?" आतून हिने विचारलं.

"मी गेलो. ताशी 78 ने."

ही हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या लक्षपूर्वक तिने मला पाहिल्याचं आठवत नाही.

"तुम्ही?"

"गाडी माझीच आहे."

"परवा दळण आणायला सव्वा तास लागला."

"गिरणीत गर्दी होती."

"गिरणी कोपऱ्यावर आहे."

इथे माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. जालन्यात माणसं दोन जातीची असतात, सळईतली आणि बियाण्यातली. सळईवाल्यांची भट्टी तासभर थंड पडली तर नुकसान होतं. बियाण्यावाल्याने तासभर घाई केली तर नुकसान होतं. मी बियाण्यातला. एका कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवणक्षमता तपासायचं काम मी 31 वर्षं केलं. ओल्या कागदाच्या घडीत बी मोजून मांडायचं, घडी गुंडाळायची आणि वाट बघायची. बाजरीला 7 दिवस, ज्वारीला 10, कपाशीला 12. साहेब ओरडले म्हणून कपाशी अकराव्या दिवशी उगवत नाही. वाट बघण्याचा पगार घेत घेत मी निवृत्त झालो, आणि मग बिनपगारी वाट बघू लागलो.

स्कूटर माझ्याकडे 19 वर्षं आहे. तिचा वेगाचा काटा 40 वर अडकला, त्यालाही बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती घरात स्टँडवर उभी असली तरी ताशी 40 ने धावत असते. रस्त्यावर आल्यावर मात्र तिचा वेग कमी होतो. अशी ही स्कूटर आणि असा हा मी, दोघं मिळून 78.

पुण्याला मुलाला फोन केला.

"बाबा, फ्रॉड आहे. ई-चलानच्या नावाने असे मेसेज येतात. लिंक दाबू नका. खातं साफ होईल."

"पण नंबर बरोबर आहे."

"नंबर त्यांना कुठूनही मिळतो. आणि तुम्ही 78 ने? बाबा, प्लीज."

बापाला कुणीतरी लुटेल हे त्याला लगेच पटलं. बाप 78 ने जाईल हे मात्र पटेना. मी फोन ठेवला. लिंक दाबली नाही, त्यामुळे फोटो पाहिला नाही, दंडही भरला नाही. मात्र मेसेज पुसला नाही.

ही गोष्ट मी कुणालाही सांगणार नव्हतो. फक्त गिरणीवाल्याला सांगितली, कारण त्याच्याकडे थांबावंच लागतं. मग किराणावाल्याला, कारण त्याने "काय विशेष?" असं विचारलं. विचारल्यावर खोटं कसं बोलायचं? तिसऱ्या माणसाला सांगायची वेळच आली नाही. तो मलाच सांगायला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवरून जाताना चमत्कार झाला. ही टपरीवरची पोरं एरवी माझ्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ओव्हरटेक करतात. त्या दिवशी मला पाहून त्यातल्या एकाने पाठ सरळ केली. दुसऱ्याने चहा लपवला. चहा का लपवला ते त्यालाही कळलं नसावं.

"काका, खरंच 78?"

"कागदावर 78 आहे," मी म्हणालो.

"म्हणजे खरं 85 तरी असंल," तिसरा म्हणाला. "कागदावर कमीच दाखवतेत."

"रोड कोणता, काका?"

"संभाजीनगर रोड. बदनापूरच्या अलीकडं."

मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं. मी तिकडे कधी गेलो होतो हे मला आठवत नव्हतं, पण आजकाल मला बरंच आठवत नाही. संध्याकाळपर्यंत मामा चौकात माझा वेग 90 झाला. तिसऱ्या दिवशी काद्राबादमध्ये मी समृद्धी महामार्गावर 120 ने गेलो होतो. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, हे सांगणारा माणूस अख्ख्या जालन्यात निघाला नाही.

नाव झालं की माणसाला नावाला जागावं लागतं. मी किक मारताना आता जरा मागे वळून बघू लागलो. हँडल एका हाताने धरू लागलो. दळण घेऊन बारा मिनिटांत परत आलो तेव्हा हिने घड्याळ हलवून पाहिलं.

नेमक्या याच दिवसांत आमच्या कॉलनीत वेगाचा प्रश्न उभा राहिला.

अंबड चौफुलीकडे निघणारा आमचा रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांचा होता. तोवर वेगाचा प्रश्नच नव्हता. खड्डा ही फार न्यायी यंत्रणा आहे. श्रीमंताची गाडी, गरिबाची सायकल, पुढाऱ्याची जीप, सगळ्यांना एकच मर्यादा. पावती नाही, कॅमेरा नाही, ओळख काढायची सोय नाही. गेल्या वर्षी रस्ता सिमेंटचा झाला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि आठ दिवसांत सगळे म्हणू लागले की रस्ता फार चांगला झाला, आता काहीतरी केलं पाहिजे. पोरं सुसाट जाऊ लागली होती. एक शेळी गेली. एका आजोबांची काठी गेली, आजोबा थोडक्यात राहिले.

मारुतीच्या देवळात बैठक ठरली. विषय एकच, रस्त्यावर ताशी 30 ची पाटी लावून मागायची की नाही. वेळ संध्याकाळी 6. वेगावरची ही बैठक 7 वाजून 10 मिनिटांनी सुरू झाली, कारण अध्यक्ष सुभाष रोडला गर्दीत अडकले होते.

निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींनी सुरुवात केली. त्यांच्या हातात कात्रणांची फाइल होती. ती फाइल पाहिली की कॉलनीतले अर्धे लोक चप्पल शोधू लागतात.

"केंद्र सरकारची 6 एप्रिल 2018 ची अधिसूचना आहे," गुरुजी म्हणाले. "शहराच्या हद्दीत कारला कमाल 70, दुचाकीला 60, तीनचाकीला 50. ही कमाल मर्यादा. त्याहून कमी ठेवायची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या 112 व्या कलमात आहे."

"म्हणजे आपल्याला 70 ने जायचा हक्क आहे?" क्लासवाल्या सरांनी विचारलं. त्यांना कायद्यातलं नेमकं तेवढंच ऐकू आलं होतं.

"हक्क नाही. मर्यादा."

"तेच ते."

2023 मध्ये आमच्या नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. महानगरात राहायचं आणि 30 ने जायचं, यात काही लोकांना कमीपणा वाटत होता. खरं म्हणजे जालन्यात 70 ने जायला रस्ता शोधायला निघालं तर तो सापडेपर्यंत पेट्रोल संपेल. आमच्याकडे एका रस्त्याचं नावच बडी सडक आहे. तिथे हातगाडी, बैल आणि मी असे तिघं समोरासमोर आलो की त्यातला एक जण मागे जातो, आणि आजवर तो बैल कधीच नव्हता. तीनचाकीला 50 ची मुभा आहे, हे मी नाक्यावरच्या रिक्षावाल्याला सांगितलं तेव्हा तो बिचारा घाबरला.

"पचास? चाचा, पचास पे गया तो रिक्षा पहुँचेगी, मैं नहीं पहुँचता. हमारे यहाँ हल्लूच अच्छा."

आमच्याकडे मराठीत हळू आणि दखनीत हल्लू म्हणतात. हळूमध्ये सल्ला असतो. हल्लूमध्ये माया असते.

गुरुजी गणितावर आले. "ताशी 60 ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. 30 ने जाणारी 8 मीटर आणि थोडं. तुम्ही ‘अरे’ म्हणेपर्यंत 17 मीटर गेले. ‘अरे बापरे’ म्हणालात तर 34."

"मग नुसतं ‘अरे’ म्हणायचं," टपरीवरचा एक पोरगा म्हणाला.

गुरुजींनी दुर्लक्ष केलं. ते 40 वर्षं सातवी ‘ब’ ला शिकवत होते. "जागतिक आरोग्य संघटना सांगते, सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. आपल्या देशात 2022 साली रस्त्यावर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यातली शंभरात एकाहत्तर अतिवेगाच्या खात्यावर."

देवळात एकदम शांतता झाली. मारुतीसमोरच्या समईची वातसुद्धा हलेना. मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "चहा सांगितलाय ना?"

गुरुजींनी मग एक वाईट गोष्ट केली. सगळ्यांना प्रश्न विचारला. "समजा आपल्याला चार किलोमीटर जायचं आहे. 60 ने गेलात तर चार मिनिटं. 30 ने गेलात तर आठ. वाचली किती? चार मिनिटं. तीही रस्ता मोकळा असेल तर. आता प्रत्येकाने उठून सांगायचं, या वाचलेल्या चार मिनिटांत आपण काय करता?"

क्लासवाले सर म्हणाले, "चार मिनिटांत सहा एमसीक्यू होतात." ते सर स्वतः वर्गात पंधरा मिनिटं उशिरा येतात, हे त्यांच्याच एका विद्यार्थ्याच्या आईने लगेच सांगितलं. ट्रान्सपोर्टवाले शेठ म्हणाले, "सळईचा ट्रक लवकर पोचला तर नंबर लवकर लागतो." लवकर नंबर लागून काय होतं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "ड्रायव्हर झोपतो." एक नवरदेवासारखा नटलेला पोरगा उठला. "मी टपरीवर लवकर पोचतो."

"आणि टपरीवर किती वेळ थांबतोस?"

"दोन तास."

"मग चार मिनिटं लवकर जाऊन काय मिळतं?"

"बाकड्यावर जागा मिळते ना, सर."

याला गुरुजींकडेही उत्तर नव्हतं. बाकड्यावरच्या जागेसाठी माणूस काय काय करतो हे दिल्लीपासून गल्लीपर्यंत आपण पाहतोच.

माझी पाळी आली तेव्हा अध्यक्ष मध्येच म्हणाले, "यांचं मत महत्त्वाचं. आपल्यात वेगाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले हे एकटेच आहेत."

टाळ्या पडल्या. दोन्ही बाजूंनी पडल्या, हे विशेष. 30 वाल्यांना मी सुधारलेला गुन्हेगार म्हणून हवा होतो आणि 70 वाल्यांना न सुधारलेला. मी उभा राहिलो. खरं सांगायचं तर या विषयावर माझी दोन पक्की मतं आहेत. सकाळी मोती तलावाच्या बाजूला पायी फिरायला जातो तेव्हा माझं मत असतं की जगातल्या सगळ्या गाड्यांना ताशी 15 ची मर्यादा घालून त्यांच्या मालकांना चपलेने मारावं. तासाभराने स्कूटरवर बसलो की माझं मत होतं की या पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडायचा परवाना कुणी दिला? दोन्ही मतं प्रामाणिक आहेत. मधे फक्त एक किक आहे.

"वेग," मी म्हणालो, "ही एक जबाबदारी आहे."

याचा अर्थ काय, हे मला माहीत नव्हतं. पण टाळ्या पुन्हा पडल्या. नाव झालेल्या माणसाचं हे एक बरं असतं.

तेवढ्यात एका काकूंनी वेल्समध्ये नोकरी करणाऱ्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. परदेशात काय चालतं हे कळल्याशिवाय आपल्याकडे गटारीचंही झाकण बसत नाही.

मुलगा सांगू लागला, "इकडे सप्टेंबर 2023 मध्ये वस्तीतल्या रस्त्यांची मर्यादा 30 मैलांवरून 20 मैल केली. लोक इतके चिडले की विरोधाच्या अर्जावर चार लाखांहून जास्त सह्या झाल्या."

"चार लाख!" अध्यक्ष दचकले. 2011 च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्याच 2 लाख 85 हजार होती. म्हणजे पाळण्यातल्या बाळांचे अंगठे घेतले तरी आपल्याला तेवढ्या सह्या जमायच्या नाहीत. आणि ‘जालना, सोने का पालना’ म्हणतात, त्यामुळे पाळण्यातल्यांची संख्या आमच्याकडे कमी समजू नये.

"20 मैल म्हणजे किती रे?" काकूंनी विचारलं.

"32 किलोमीटर."

"बत्तीसने जायला मिळतं आणि रडतेत?" रिक्षावाला दारातून म्हणाला. तो चप्पल सांभाळत बाहेर उभा होता. "हमको सिंधी बाजार में बत्तीस मिला तो मैं नारियल फोडूँगा."

गुरुजींच्या फाइलमध्ये शेवटी एक गोष्ट निघाली, ती मात्र मला मनापासून आवडली. 1865 साली इंग्लंडात कायदा झाला की यंत्राच्या गाडीने गावात ताशी 2 मैलांपेक्षा जास्त जायचं नाही, आणि गाडीपुढे लाल निशाण घेऊन एक माणूस चालला पाहिजे. पुढे जानेवारी 1896 मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ 2 मैलांच्या हद्दीत 8 मैलांनी गेले. हवालदार जेवत होता म्हणे. तो ताटावरून उठला, सायकलवर बसला आणि पाच मैल पाठलाग करून त्याने यांना पकडलं. वेगाबद्दल दंड एक शिलिंग. 8 मैल म्हणजे 13 किलोमीटर. मला एकदम धीर आला. इतिहासातला पहिला वेगवान गुन्हेगार माझ्याच वेगाचा होता.

लाल निशाणवाल्या माणसाचं आमच्या बैठकीत कुणालाच नवल वाटलं नाही. लग्नाच्या वरातीत डीजेच्या गाडीपुढे असा एक जण असतोच, फक्त तो चालत नाही, नाचतो. आणि धुळवडीला जालन्यात हत्ती रिसाला निघतो तेव्हा सगळं शहर हत्तीच्या चालीने चालतं. त्या दिवशी मागून कुणी हॉर्न देत नाही. रोज एक हत्ती सोडला तर पाटीची गरज पडणार नाही, अशी सूचना एका आजोबांनी मांडली. काठी गेलेले ते हेच आजोबा. ती सूचना बहुमताने मंजूर होता होता राहिली, कारण हत्तीच्या चाऱ्यासाठी वर्गणीचा विषय निघाला.

शेवटी पाटीवर एकमत झालं नाही. गतिरोधकावर झालं. पाटी सगळ्यांनी पाळायची असते, म्हणून ती कुणालाच नको होती. गतिरोधक दुसऱ्यासाठी असतो, म्हणून तो सगळ्यांना हवा होता. प्रश्न फक्त जागेचा होता.

"आमच्या दारासमोर पाहिजे. आमच्याकडं लहान लेकरू आहे."

"आमच्याकडं म्हातारी आहे."

"आमच्याकडं नवीन गाडी आहे."

300 मीटरच्या रस्त्यावर नऊ गतिरोधक ठरले. भारतीय रस्ते महासभेचं याबाबत मानक आहे, तेही गुरुजींनी वाचून दाखवलं. उंची 10 सेंटीमीटर, रुंदी 3.7 मीटर, गोलाई अशी की ताशी 25 ने गाडी अलगद वर चढावी आणि अलगद उतरावी. मिस्त्रीने ते सगळं लक्ष देऊन ऐकलं. त्यातली 10 सेंटीमीटर उंची त्याच्या लक्षात राहिली, ती त्याने वीतभर धरली. रुंदी त्याच्या घमेल्याच्या मापाने आली. शेठनी उदार होऊन सळई दिली. आता सळई फुकट मिळाल्यावर ती वापरायची नाही, हे जालन्याच्या मिस्त्रीला कुणी शिकवलेलं नाही. भूकंप झाला तर घरं पडतील, पण आमचे नऊ गतिरोधक उभे राहतील. सरकारी परवानगी वगैरे लागते असं एक जण म्हणाला. त्याला चहा दिला.

तिसऱ्या दिवशी काम पूर्ण झालं. कॉलनीच्या इतिहासातलं हे सर्वांत वेगवान काम.

चौथ्या दिवशी मी दळण घेऊन नावाला साजेशा वेगात निघालो. पहिल्या गतिरोधकावर स्कूटरचा आरसा फिरला आणि मला माझंच तोंड दिसू लागलं. दुसऱ्यावर हॉर्न आपोआप चालू झाला. तिसऱ्यावर डब्याचं झाकण उडालं. चौथ्या ते नवव्यापर्यंत मी पिठाच्या ढगात होतो. घरी पोचलो तेव्हा हिने दार उघडलं आणि क्षणभर ओळखलं नाही.

"जाताना केस काळे होते," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात नागपूरहून मेहुणे आले. मेहुण्यांची गाडी मोठी आणि खाली बसकी आहे, स्वभावाने त्यांच्यासारखीच. समृद्धी महामार्गावरून नागपूर ते जालना त्यांनी तीन-सव्वातीन तासांत गाठलं. त्या रस्त्यावर कारला 120 ची मर्यादा आहे. महामार्ग नवीन सुरू झाला तेव्हा परिवहन खात्याने दोन ठिकाणांमधल्या वेळेवरून सरासरी काढून, फार लवकर पोचलेल्या चालकांना बाजूला घेऊन समुपदेशन करायला सुरुवात केली होती. मेहुण्यांचंही तेव्हा झालं होतं.

"आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी वेळेआधी पोचलो," ते अजून सांगतात, "तर अर्धा तास बसवून ठेवलं. व्हिडिओ दाखवला. तेवढ्यात जे मागून सावकाश येत होते ते पुढे निघून गेले."

यावेळी त्यांनी 120 पाळली. फोन आला, "उतरलोय, दहा मिनिटांत पोचतो, पोहे टाका." पोहे टाकले. मेहुणे आले नाहीत. पोह्यांचं थालीपीठ होईल इतका वेळ गेला तेव्हा शेजारचा पोरगा पळत आला.

"काका, तुमचे पाहुणे चौथ्यावर अडकलेत."

खरंच अडकले होते. पुढची चाकं उतरली होती, मागची चढली नव्हती, आणि मधली गाडी गतिरोधकावर आडवी ठेवल्यासारखी ठेवली होती. समृद्धीवर तीनशेहून जास्त किलोमीटर न थांबता आलेला माणूस आमच्या घरापासून शंभर पावलांवर पाऊण तास थांबला होता. आठ जणांनी गाडी उचलली. टपरीवरची पोरंच होती. "काकांचे पाहुणे आहेत," त्यातला एक म्हणाला, "वेगानं आले असतील."

मेहुणे खाली उतरले, गतिरोधकाकडे पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "हे समुपदेशन त्यापेक्षा कडक आहे."

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे सारखीच असते. ज्यांनी दारासमोर गतिरोधक मागितले होते त्यांना रात्री झोप येईना, कारण प्रत्येक गाडी त्यांच्याच दारासमोर आदळून, गियर बदलून, शिवी देऊन पुढे जात होती. कुणीतरी एका रात्री रस्त्याच्या कडेने गतिरोधकाचा वीतभर तुकडा फोडला, एका चाकाला जाईल एवढा. सकाळपर्यंत सगळ्यांना तो माहीत झाला. आता सगळ्या दुचाक्या त्या फटीतून जातात. फट उजव्या कडेला आहे. म्हणजे येणारे आणि जाणारे दोघंही एकाच फटीवर नेम धरून, वेग न सोडता, समोरासमोर येतात. फटीतून जाताना आम्ही सगळे 30 च्या वर असतो. मी स्वतः फार अचूक जातो. गुरुजीही जातात, मी पाहिलंय. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

अशात महिना झाला आणि दंड भरायची आठवण करणारा दुसरा मेसेज आला. शेजारच्या पोराला बोलावलं. त्याने लिंक वगैरे न दाबता, योग्य जागी जाऊन, नंबर टाकून चलान काढलं. चलान खरं होतं. फोटोही होता.

पोराने फोटो मोठा केला. बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन पाहतात तसं.

"काका, ही बाइक आहे."

"बरं."

"तुमची स्कूटर आहे."

"बरं."

"आणि याने हेल्मेट घातलंय."

मी गप्प बसलो.

"शेवटचा आकडा 3 आहे, काका. धूळ बसलीय म्हणून 8 वाचलाय. तुमचं नाहीच हे. इथंच तक्रार टाकतो, फोटो जोडून. रद्द होतं."

त्याचं बोट बटणावर होतं. मी त्या फोटोकडे पाहत राहिलो. एक तरणाबांड मुलगा, मान खाली, शर्ट फुगलेला, बदनापूरच्या अलीकडे ताशी 78 ने. मला टपरी आठवली. सरळ झालेल्या पाठी आठवल्या. लपवलेला चहा आठवला. तक्रार केली की उद्या सकाळी तीच पोरं पुन्हा दोन्ही बाजूंनी ओव्हरटेक करणार. 31 वर्षं बी उगवायची वाट पाहिली, आणि आता कुठे काहीतरी उगवलं होतं.

"तक्रार राहू दे," मी म्हणालो. "भरून टाक."

"हजार रुपये, काका?"

"भर. आणि कुणाला बोलू नकोस."

त्याने भरले. पावती आली. ती मी जपून ठेवायला कपाटाकडे निघालो तर दारात ही उभी.

"सगळं ऐकलंस?"

"ऐकायचं काय त्यात? मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. मेसेजमधली तारीख वाचली ना मी. त्या दिवशी तुमची स्कूटर गॅरेजमध्ये होती, कार्बोरेटर उघडून. तुम्ही रिक्षाने आलात आणि रिक्षावाल्याशी तीन रुपयांवरून भांडलात."

"मग बोलली का नाहीस? हजार रुपये गेले!"

"महिनाभर दळण बारा मिनिटांत आलं," ही म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "आता भाजीचं एखादं चलान येतंय का बघा."